रेघेच्या वरची वस्ती

लातूर जिल्हा वेगळा झाला आणि पुढच्याच पावसाळ्यात वाकी नदीला पूर आला.

हिप्परगा नव्या जिल्ह्याच्या अगदी कडेला. नदी ओलांडली की नांदेड जिल्हा. त्यामुळं गावाचा बाजार मुखेडचा, सोयरिका मुखेड-देगलूरकडच्या, आणि कचेरी तेवढी उस्मानाबादची. तिथं एका सहीसाठी जायचं तर मुक्काम पडायचा. ती कचेरी लातूरला आली म्हणून गावानं गूळ वाटला होता. साहेब आता दारात येतील, असं जो तो म्हणत होता.

पाणी भरदिवसा आलं. नदीकाठच्या खालच्या आळीत वीसेक घरं होती, सगळी पांढऱ्या मातीची, माळवदाची. बसवंत आणि त्याची बायको नीलाबाई ज्वारीची पोती घेऊन वर महादेवाच्या देवळाकडं धावत होते. मुलगी महानंदा आणि धाकटा वीरभद्र पुढं होते. देवळापाशी पोचल्यावर वीरभद्राला आठवलं, वासरू दाव्यालाच राहिलंय. तो गर्दीतून कधी मागं फिरला, कुणालाच कळलं नाही. भिजलेली गोठ्याची भिंत बसली ती त्याच्या अंगावर. नऊ वर्षांचा होता.

लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. नदीच्या वळणावर मऊ रान होतं, तिथं वीरभद्राला मांडी घालून बसवला, तळहातावर लिंग ठेवलं, भस्म लावलं, बेलाची पानं वाहिली आणि माती लोटली. त्या दिवसानंतर नीलाबाई नदीकडं गेली नाही. घराच्या मागच्या खिडकीतून पात्र दिसायचं, त्या खिडकीला तिनं पोतं ठोकलं. धुणं, पाणी, सगळं महानंदा बघू लागली.

पुढच्या उन्हाळ्यात लातूरहून जीप आली. जीपमधून विरूपाक्ष नावाचा सर्व्हेअर उतरला. पंचविशीचा, निलंग्याकडचा, बोलण्यात कानडी हेल. त्याच्याबरोबर तिपाईवरची दुर्बीण आणि आकडे लिहिलेली उंच पट्टी होती. नव्या जिल्ह्यातल्या नद्यांचा पूर कुठवर चढतो, त्याचा नकाशा करायचा होता. तो दारोदार फिरून एकच विचारायचा, “पाणी कुठवर आलं होतं?”

कुणी उंबऱ्यापर्यंत म्हणालं, कुणी कोनाड्यापर्यंत. बसवंताला विचारलं तेव्हा त्यानं कुदळ खांद्यावर टाकली आणि तो रानाकडं निघून गेला. विरूपाक्ष दारातच थांबला. मग नीलाबाई उठली. गोठ्याची अर्धी भिंत अजून उभी होती. तिच्यावर तिनं आपल्या हनुवटीइतक्या उंचीवर तळवा टेकवला.

“इथवर,” ती म्हणाली. मग म्हणाली, “त्याच्या डोक्याच्या वर.”

विरूपाक्षाला आळीत कुणीतरी आधीच सांगितलं असावं. त्यानं पट्टी लावायला माणसाला खूण केली नाही. तो तिथंच खाली बसला आणि म्हणाला, “अक्का, राहू द्या. दुसऱ्या घराची खूण घेतो.”

“घे की तम्मा,” नीलाबाई धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणाली. “हीच खरी हाय.”

त्या दिवसापासून ती त्याच्या मोजणीबरोबर हिंडू लागली. कोणत्या बोळात पाणी शिरलं, कुठं वळसा घालून मागून आलं, ती दाखवायची. तो पात्रात उतरला की ती वरच थांबायची. एकदा महानंदा चहा घेऊन आली. तिनं हट्टानं दुर्बिणीला डोळा लावला. त्या जुन्या दुर्बिणीत सगळं खालचं वर दिसायचं.

“अव्वा, आपलं घर उलटं टांगलंय! कोंबड्याबी उलट्या हिंडायल्यात!” असं म्हणून ती एवढी हसली की हातातला चहा सांडला. नीलाबाईही हसली. वीरभद्र गेल्यापासून पहिल्यांदाच.

काम संपत आलं तसं विरूपाक्षानं चुना फासलेले दगड पुरायला सुरुवात केली. दगडांची ती रांग देवळाच्या पायरीला चिकटून गेली.

“ही रेघ काढून हुतंय काय?” नीलाबाईनं विचारलं.

“रेघेच्या आत कुणी राहायचं नाही अक्का. गाव तयार असलं तर वर माळावर प्लॉट मिळतील, पत्र्याची घरं मिळतील.”

“आणि पाणी? प्यायचं?”

“बोअर पाडतील म्हणतात. पण ते दुसऱ्या खात्याचं काम. मी नुसता पूर बघतो.”

चावडीवर बैठक झाली. खालच्या आळीतले बहुतेक लोक जायला तयार नव्हते. नीलाबाईचा थोरला दीर संगप्पा आळीत सगळ्यांत जाणता. तो म्हणाला, “माळ म्हंजे नुसता खडक. आपल्या बापजाद्यांनी नदीकाठ धरला तो काय येड्यावानी? पूर चार दिस ऱ्हातो. तहान रोज लागती.”

पुष्कळ माना हलल्या. बायका भिंतीआड उभ्या होत्या. नीलाबाई त्यांच्यातून पुढं आली. थोरल्या दिरासमोर ती कधी मोठ्यानं बोललेली नव्हती. पदर सारखा करून ती म्हणाली, “भावजी, तुमची नातवंडं बी माझ्या वीरभद्राएवढीच हायती. कुणाच्या घरची भिंत पुढच्या टायमाला बसंल, ते मला सांगा. मग मी गप बसते.”

संगप्पानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि तो खाली बघत राहिला. खरं तर त्याचं म्हणणं बदललं नव्हतं. इतरांचंही नव्हतं. पण लेकरू गमावलेल्या बाईला तोंडावर नाही कोण म्हणणार? कागदावर अंगठे आणि सह्या झाल्या.

पुढच्या वर्षाच्या आत आळी माळावर गेली. सरळ दोन रांगा, पत्र्याची घरं, मधे रस्ता. बोअर पाडला तेव्हा पाण्याची चिळकांडी उंच उडाली आणि पोरं तिच्याखाली नाचली. संगप्पानं स्वतः नारळ फोडला. नीलाबाईच्या घराचं तोंड माळाकडं होतं, तिथून नदी दिसत नव्हती. पहिले काही महिने तिला झोपही चांगली लागली.

महानंदानं जुन्या घराची चौकट, उखळ, दगडी पाटा असं एकेक करून वर आणलं. अंगानं दणकट पोर. बोअर होईपर्यंत खालून डोक्यावर दोन घागरी आणि कमरेवर तिसरी घेऊन ती शेजारच्या शिवम्माशी गप्पा मारत चढ चढायची. शिवम्मा तिच्याच वयाची, नुकतीच लग्न होऊन आलेली. महानंदाचंही लग्न ठरलं. मुलगा मुदखेडला रेल्वेत खलाशी होता. “रोज गाड्या बघायला मिळतील,” असं ती म्हणायची, आणि इंजिनाची शिट्टी काढून दाखवायची.

आणि मग पाऊस रुसला. पहिल्या वर्षी पिकं अर्धी आली, दुसऱ्या वर्षी आलीच नाहीत. माळावरचा बोअर आधी गढूळ झाला, मग हातपंपाचा दांडा मारला की नुसती हवा फुस्स करून यायची. दुरुस्तीवाले आले, पाइप काढून बघितले, म्हणाले, खाली पाणीच नाही. टँकर खालच्या गावात येई. चढावर तो घसरतो म्हणून ड्रायव्हर वर आणायला तयार नसे. कधी आला तर आठवड्यातून एकदा, तोही भांडणं लावून जायचा.

वाकी कोरडी पडली होती, पण वाळूखाली ओल होती. बायका पात्रात झिरे खणू लागल्या. खड्डा करायचा, तळाशी बसायचं, वाळूतून पाझरणारं पाणी वाटीनं घागरीत भरायचं. महिन्यागणिक पाणी खाली गेलं आणि झिरे खोल झाले. चैत्र लागला तेव्हा आत उतरलेलं माणूस काठावरून दिसेनासं झालं होतं.

पाणी कुणी आणायचं, हा प्रश्न त्या घरात कधी निघालाच नाही. बसवंत रोजगार हमीच्या खडीवर जायचा. नीलाबाई नदीकडं जात नव्हती. एकदा ती घागर घेऊन निघाली, उतारापर्यंत गेली, आणि पात्र दिसताच मागं वळली. महानंदानं तिच्या हातातली घागर काढून घेतली. “अव्वा, तू नको. तू भाकरी टाक. मी हाय की.”

लग्नाला महिनाभर राहिला होता. सकाळची उन्हं चढली होती. महानंदा झिऱ्याच्या तळाशी बसून घागर भरत होती आणि शिवम्मा वर काठावर आपली पाळी यायची वाट बघत होती. आत बसून महानंदा तिला विचारत होती, सासरी पहिल्या दिवशी काय करावं लागतं, सासूच्या पाया पडताना काय म्हणायचं असतं. शिवम्मा सांगत होती. सांगता सांगता तिच्या पायाखालची वाळू सरकली. ती मागं पडली म्हणून वाचली. झिऱ्याची ती बाजू सगळीच्या सगळी आत गेली.

शिवम्मानं आरडाओरडा केला. बायका धावल्या, हातांनी, घागरींनी, परातींनी वाळू उपसू लागल्या. जेवढी काढावी तेवढी बाजूची आत यायची. खडीवरून गडीमाणसं येईपर्यंत उशीर झाला होता. बसवंतानंच शेवटी तिला बाहेर काढलं. तिच्या मुठीत पितळी वाटी तशीच होती.

तिला माळावर आणलं, घरासमोर बसवलं, हळद-कुंकू, भस्म लावलं. मुदखेडहून होणारा नवरा आणि त्याचा बाप आला. ते पोरगं पत्र्याच्या सावलीत उभं होतं. पुरायचं कुठं, यावर बाप्यांमध्ये हळू आवाजात बोलणं झालं. बसवंत म्हणाला, “इथंच, वर.” दोघांनी माळावर पहार मारून बघितली. हातभर खाली खडक लागला. मग संगप्पा बसवंताच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “भावापाशी नेऊ तिला. खाली माती मऊ हाय.”

बायका रिवाजाप्रमाणं उतारावरून परतल्या. नीलाबाई परतली नाही. शिवम्मानं तिचा दंड धरला, तो तिनं सोडवला आणि ती महानंदाला बसवलेल्या पालखीमागं चालत राहिली. चार वर्षांत पहिल्यांदाच ती नदीवर गेली. वीरभद्राच्या शेजारी खड्डा घेतला तेव्हा ती काठावर बसून होती. रडली नाही. जंगमस्वामींचे मंत्र संपले, सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली, तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, “हळू टाका.”

त्यानंतर वस्तीत कुणी तिला काही बोललं नाही. दिवस घातले, माणसं येऊन बसून गेली. शिवम्मा येऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. संगप्पा रोज सकाळी दारात येऊन उभा राहायचा, “चहा झाला का?” विचारायचा आणि जायचा. नीलाबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहायची. तो कधीतरी म्हणेल, असं तिला वाटायचं. तहान रोज लागते असं मी तेव्हाच म्हणालो होतो, असं म्हणेल. तो म्हणायचा नाही. कुणीच म्हणायचं नाही. ते न म्हणणं तिच्या उरावर बसलं.

एका दुपारी भाकरीचं ताट बसवंतापुढं ठेवून ती म्हणाली, “तुमी तरी म्हणा.”

“काय?”

“माझ्यामुळं झालं म्हणून. मी चावडीत बोलले नसते तर कुणी वर आलं नसतं. खाली घरामागं आड होता आपला, वर आलो म्हणून तो बुजला. पोर झिऱ्यात उतरली नसती.”

बसवंतानं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, “तू नसतीस बोलली तर मी बोललो असतो. त्या गोठ्याच्या भिंतीपाशी मला एक दिस बी ऱ्हावत नव्हतं. जीव गुदमरायचा माझा. तू बोललीस, मला बरं वाटलं. मी गप बसलो.”

“मग हे मला आजवर कामून सांगितलं न्हाई?”

बसवंतानं ताट बाजूला सारलं. नीलाबाईला त्याचा राग आला आणि लगेच कीवही आली. आळीला आपण एकटीनं माळावर ओढून आणलं असं एवढी वर्षं जे तिला वाटत होतं, ते दोघांचं निघालं. पण त्यानं तिचं ओझं उतरलं नाही. त्या दिवशी दोघंही जेवली नाहीत. भाकरी म्हशीला घातली.

मृगाच्या आधी विरूपाक्ष परत आला. वस्तीतली काही घरं पुन्हा खाली नदीकाठी जाऊन राहिली होती, पाण्याजवळ कुडाच्या झोपड्या घालून. ती रेघेच्या आत होती. पावसाळ्याआधी त्यांना वर पाठवायला त्याला धाडलं होतं. तो आता जरा जाड झाला होता, मिशी ठेवली होती. जीपमधून उतरून तो सरळ नीलाबाईच्या दारात आला.

“शरणू अक्का! चहा पाजणार का? आणि ती पोरगी कुठंय? उलटी घरं बघणारी? लग्न झालं का तिचं?”

नीलाबाई उंबऱ्यात बसली होती. “खाली हाय ती,” ती म्हणाली.

“खाली? झोपडीत राहते? मग तिला आधी वर बोलवा. पाऊस तोंडावर आलाय.”

नीलाबाईनं पदर तोंडाला लावला. बसवंत आतून बाहेर आला. त्यानं सांगितलं, दोन-तीन वाक्यांत. विरूपाक्ष उभा होता तो दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. घामानं त्याचा शर्ट भिजला होता. तो म्हणाला, “अक्का, मी पाण्याचं तेव्हाच मागं लागायला पाहिजे होतं.”

“तुजी रेघ खरी हाय तम्मा,” नीलाबाई म्हणाली. “तू काय खोटं सांगितलं न्हाईस.”

चहा झाला. जाताना तो अडखळत म्हणाला, “एक सांगू का? खालची माणसं माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकलं होतं त्यांनी. तुम्ही एकदा…”

“न्हाई.”

“पूर आला तर अक्का…”

“आला तर आला. मी आता कुणाला कुठं ऱ्हावा म्हणणार न्हाई. माझ्या तोंडानं न्हाई.”

तो एकटाच खाली गेला. संध्याकाळपर्यंत झोपड्यांतून हिंडला. एकही झोपडी हलली नाही. परत जाताना जीप वस्तीवरून गेली, पण थांबली नाही.

त्या वर्षी पाऊस बेताचा झाला. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र भादव्यात वाकी पुन्हा फुगली, पहिल्या पुराइतकीच. ह्या वेळी माणसं सावध होती. पाणी लाल होऊन वळणाशी चढायला लागलं तशी खालची सगळी घरं लेकरंबाळं, शेरडं, गाठोडी घेऊन माळावर आली. पत्र्याची रिकामी घरं होतीच, पण त्यांत चूल-सरपण काही नव्हतं. नीलाबाईच्या एका खोलीत चार घरची माणसं कोंबून बसली. तिनं चूल पेटवली आणि सगळ्यांना भात घातला. पाणी पार देवळाच्या पायरीला लागून फिरलं. कुणाचं काही गेलं नाही, दोन कोंबड्या सोडल्या तर.

संगप्पा म्हातारा झाला होता. नातवाला मांडीवर घेऊन तो चुलीशेजारी बसला होता. सगळ्यांसमोर तो म्हणाला, “नीलाबाई, तुझ्यामुळं वाचलो गं आमी.”

नीलाबाईनं पळी खाली ठेवली. इतके दिवस ती ह्याच तोंडातून दुसरं काही ऐकायची वाट बघत होती. “तसं म्हणू नका भावजी,” ती म्हणाली. “पाया पडते तुमच्या, तसं म्हणू नका.” आणि ती हमसाहमशी रडू लागली. महानंदाला पुरलं तेव्हाचं, त्याच्या आधीचं, सगळं रडणं एकदमच बाहेर आलं. माणसांनी भरलेल्या त्या खोलीत तिला कुणी अडवलं नाही. शिवम्मानं तिचं लेकरू दुसऱ्याकडं देऊन तिला जवळ घेतलं.

पाणी उतरल्यावर नीलाबाई आणि बसवंत वळणावर गेले. तिनं पदरात बेल बांधून घेतला होता. तिथं ओळखू येईल असं काही राहिलं नव्हतं. वळणावरचं सगळं रान गुडघाभर गाळाखाली गेलं होतं, बांध नव्हता, खुणेला ठेवलेले लहान-मोठे दगड नव्हते, बाभळी मुळासकट गेल्या होत्या. नदीनं आपली वाटसुद्धा थोडी बदलली होती. ऊन पडून गाळ नुकता तडकायला लागला होता.

बसवंतानं देवळाच्या कळसाचा अंदाज घेतला, चार पावलं टाकली. “हितं असंल.” मग मागं आला. “न्हाई, जरा अलीकडं.”

“महानंदा कोणत्या अंगाला हुती वो?” नीलाबाईनं विचारलं. “नदीकडं का गावाकडं?”

“नदीकडं.” तो थांबला. दोन्ही खड्डे त्यानं स्वतः घेतले होते. त्यानं नदीकडं बघितलं, देवळाकडं बघितलं, कपाळावरचा घाम पुसला. “का गावाकडं… मला ध्यानात येईना गं.”

पदराची गाठ सोडून तिनं बेलाची पानं तिथल्या तिथंच, आपल्या पायांपुढं ठेवली. वारा नव्हता. मग दोघं गाळातून पाय ओढत माळाकडं निघाली.